पाव फेरा

खिडकी लावून घेते. वाल्टकिर्खला मार्च उजाडला तरी
एल्त्स नदी वितळलेल्या बर्फानं फुगून बडबडत असते,
आणि मला आज एवढंच ऐकायचंय:
पेडल नेमकं कधी उचलतं.

पियानो म्हाताऱ्या डुफ्नरांचा. वाजवणारं कुणी नाही.
कागदाची गुंडाळी पितळी पट्टीवरून सरकते,
भोकाला भोक भेटलं की हवा आत शिरते,
चामड्याची टिकली फुगते, झडप उघडते, भाता मिटतो,
आणि तारांवर बसलेले नमदे सगळे एकदम उठतात
मास्तर वर्गात आल्यासारखे.

एवढं व्हायला वेळ लागतो.
किती? शिंक येणार-येणार म्हणून तोंड उघडावं, तेवढा.
उशीर झाला तर सूर हातातून निसटून गेलेला असतो,
घाई झाली तर मागचा सूर नव्याच्या पाठीला चिकटून येतो
ओल्या सदऱ्यासारखा.

भोकं पाडणाऱ्यांना हे ठाऊक होतं.
पेडलचं भोक त्यांनी दोन मिलिमीटर अलीकडेच पाडलंय,
उशिरा येणाऱ्या पाहुण्याला
अर्धा तास आधीची वेळ सांगावी, तसं.

मी भात्याला नवं चामडं लावलं, कोकराचं, पातळ.
जुना सगळा आळस आठवड्यात उतरवला
आणि पेडल सुरांच्या पुढे धावायला लागलं.

मग स्क्रू.
हवेच्या वाटेवरचा, करंगळीच्या नखाएवढा.
आत फिरवला की पेडल सुस्त, बाहेर काढला की उतावीळ.
सूर, पेडल. सूर, पेडल.
डोळे मिटून बोट नमद्यांच्या दांडीखाली धरलं.
गुरुवारी बसलं. अचूक.

डुफ्नर शुक्रवारी आले. टोपी मांडीवर ठेवून बसले.
मी त्यांच्या घरची गुंडाळी लावली:
१९११ साली कुणी बाई वाजवून गेल्यात,
लेबलावरचं नाव उंदरांनी खाल्लंय,
शेवटचा ‘ना’ तेवढा शिल्लक.
त्यांनी ऐकलं. परत लावायला सांगितलं.
म्हणाले, सुंदर. पण हा आमचा नाही.

धून तिसऱ्यांदा वर चढते ना, तिथं सूर तुटायचा.
एवढीशी फट पडायची.
मी सात वर्षांचा, गालिच्यावर पालथा.
आई पलीकडे इस्त्री करत असायची.
त्या फटीतून इस्त्री टेकल्याचा आवाज यायचा.

मी समजावलं: तो दोष होता.
चामडं कडक झालेलं, भात्याला दमा.
बाईंचा त्यात हात नाही, पाय तर नाहीच.
असेल, म्हणाले.
पैसे मोजून ठेवले आणि टोपी विसरून गेले.

शनिवारी, हत्यारं आवरताना,
टॉर्च घेऊन एकदा खाली शिरले.
तळफळीवर पेन्सिलीची पुसट ओळ, अक्षर तिरकं:
‘१९५३. नवं चामडं. स्क्रू पाव फेरा आत. घरच्यांच्या सांगण्यावरून.’

म्हणजे दमाबिमा काही नव्हता.
डुफ्नरांना सातवं लागलं, त्या वर्षी
माझ्यासारखंच कुणी अचूक करून बसलं होतं,
आणि समोर असंच कुणी
टोपी मांडीवर घेऊन म्हणालं होतं, हा आमचा नाही.
त्यांना कोणत्या फटीतून काय ऐकू यायचं,
ते पेन्सिलीनं लिहिलेलं नाही.

मी स्क्रू पाव फेरा आत घेतला.
खाली तारीख टाकली. कारण मीही लिहिलं नाही.
गुंडाळी लावली.
खिडकी लावायची राहिली होती.
तिसऱ्यांदा धून वर चढली, सूर तुटला,
आणि मधल्या मोकळ्या जागेत नदी.

माफ करा, बाई, म्हटलं.
तुमच्या उरलेल्या ‘ना’ला उद्देशून,
मोठ्यानं.